धुतलेली ओळ

बाईंनी मला फक्त शिवायला सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुठे लपायला जागा राहणार नाही.

मी जुनी पुस्तकं बांधतो. कुणाकडे शिकलो नाही. शाळेच्या लायब्ररीने भंगारात काढलेलं एक पुस्तक उसवून बघितलं, परत शिवलं, वाकडं झालं, परत उसवलं. असं करत करत हात बसला. बाकीचं फोनवर व्हिडिओ बघून. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, एक लोखंडी प्रेस, एक बेसिन, दोऱ्यांच्या रिळांची फळी. ताई म्हणते याला दुकान म्हणू नकोस, कपाट म्हण.

ताई माझी मोठी बहीण. हॉस्पिटलात नर्स आहे. हे काम तिनेच आणलं. तिच्या वॉर्डात सतरा नंबरच्या कॉटवर एक काका होते. लिव्हर गेलेलं, पोट फुगलेलं, डॉक्टरांनी आठवडा सांगितलेला. त्यांच्याजवळ त्यांची मोठी बहीण बसून असायची. रिटायर झालेली शिक्षिका. सगळा वॉर्ड तिला बाई म्हणायचा, कारण भेटायला आलेल्या नातेवाइकांना ती रांगेत उभं करायची आणि ते राहायचेही.

काकांचं एकच चाललं होतं. मला आईशेजारी पुरा. दुसरीकडे कुठे नको.

ऐकायला सोपं आहे. पण त्यांची आई यहुदी होती. तिने धर्माबाहेर लग्न केलं आणि तिच्या लोकांनी तिच्याशी संबंध तोडले. बाई नऊ वर्षांच्या आणि काका चार वर्षांचे असताना ती वारली. तेव्हा तिचे वडील आले, मुलीला घेऊन गेले आणि आपल्या दफनभूमीत पुरलं. मुलं बापाकडे राहिली. कबरीच्या दगडावर आईचं हिब्रू नाव आहे, आजोबांचं आहे. नवरा नाही, मुलं नाहीत. दफनभूमीच्या वहीतही तसंच.

आता त्या लोकांतले बहुतेक केव्हाच दुसरीकडे निघून गेलेत. दफनभूमीची कमिटी आहे म्हणतात, पण कमिटी म्हणजे एक म्हातारा आणि त्याच्या कमरेची किल्ली. त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, माझ्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. सगळे त्याला घड्याळजी म्हणतात. बाई त्याच्याकडे गेल्या तेव्हा त्याने ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला की आई आमची असेल तर मुलगा आमचाच, त्यात प्रश्न नाही. पण त्या दगडाखालची बाई तुमचीच आई, हे मला कशावरून कळणार? तुमच्यासारखे आणखी दोघं येऊन गेलेत, जागा छान आहे, झाडं आहेत म्हणून.

तेव्हा बाईंनी पुस्तकाचं सांगितलं.

हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक. अडीचशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी लांबच्या शहरात छापलेलं. कातडी पुठ्ठा, पितळेची एक कडी शाबूत, एक गेलेली. आईकडून बाईंकडे आलेलं. पण खरा ऐवज म्हणजे सुरुवातीचं कोरं पान. म्हणजे आपल्या हिशोबाने शेवटचं, कारण ते पुस्तक उजवीकडून उघडतं. त्या पानावर ज्याच्या ज्याच्या घरी ते पुस्तक गेलं त्याने त्याने एकेक ओळ लिहिलेली. अमक्याने अमक्या साली घेतलं. अमक्याच्या मुलाला मिळालं. अमक्याच्या लग्नात दिलं. सगळं देवाचंच आहे, सध्या माझ्याकडे आहे, अशा धाटणीचं. सहा माणसं, सहा ओळी. शेवटची आजोबांची. मुलीशी जाहीर संबंध तोडलेले, पण नातू झाल्यावर त्यांनी गुपचूप लिहिलं की माझ्या या मुलीला या दिवशी मुलगा झाला, त्याला माझ्या वडिलांचं नाव. आणि पुस्तक मुलीकडे पाठवून दिलं.

आणि दफनभूमीची जुनी वहीही त्याच आजोबांनी लिहिलेली. तेव्हा किल्ली त्यांच्याकडे असायची. घड्याळजीने ते अक्षर हजारदा बघितलेलं. म्हणाला, ती ओळ दाखवा, मी अक्षर ओळखतो, विषय संपला. फक्त पान पुस्तकात असलं पाहिजे. सुटं पान कुणीही कुठूनही आणतं.

पान तर सुटलेलंच होतं. एका दोऱ्यावर लटकत होतं. म्हणून पुस्तक माझ्याकडे.

गुरुवारी संध्याकाळी बाई आल्या. जुन्या साडीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखं धरून. शनिवारी घड्याळजी कामाचं काहीच करत नाही, फोनही उचलत नाही, म्हणून भेट रविवारी सकाळी दहाला, माझ्याच दुकानात. पुस्तक आणखी हलवायला नको म्हणून. बाई म्हणाल्या, "शिवून दे, एवढंच. जास्त काही करू नकोस."

मी म्हटलं, काळजीच करू नका.

शुक्रवारी दुपारी पुस्तक उघडलं. दोरे काढले, पानं मोजली, क्रम लावला. हे पुस्तक उलटीकडून चालतं हे मला माहीत होतं, त्यात मी चुकलो नाही, त्याचा मला जरा गर्वही झाला. ते पान हातात घेतलं. वरच्या कोपऱ्यातून मधोमध आलेला तपकिरी ओलीचा डाग. कडेला कुणीतरी चिकटपट्टी लावलेली, ती पिवळी होऊन कागद खात होती. मला राहवलं नाही.

खरं सांगायचं तर राहवलं असतं. पण मला वाटलं, घड्याळजी बघेल, बाई बघतील, म्हणतील पोराचा हात बघा. असं पुस्तक माझ्याकडे कधी आलं नव्हतं. पुन्हा येणारही नव्हतं.

जुना कागद पाण्याने धुता येतो. चांगल्या चिंध्यांचा कागद कापडासारखा पाणी पितो आणि डाग सोडतो. धुण्याआधी शाई तपासायची असते. ओला कापूस अक्षरावर हलकेच टेकवायचा, टीपकागदाने टिपायचं, रंग उतरला तर धुवायचं नाही. मी तपासलं. पहिल्या ओळीवर. अडीचशे वर्षांची तपकिरी शाई, ढिम्म हलली नाही. दुसऱ्या ओळीवरही तपासलं. ढिम्म. बाकीच्या ओळीही तपकिरीच दिसत होत्या.

आम्हा बांधणाऱ्यांना ही सवय असते. छापील पानाला एकच शाई. एका ठिकाणी तपासलं की पान तपासून झालं. पण हे छापील पान नव्हतं. इथे प्रत्येक ओळीचा माणूस वेगळा, काळ वेगळा, दौत वेगळी. आजोबांनी साध्या निळ्या फाउंटन पेनने लिहिलं होतं, शाळेत पोरं वापरतात तसल्या शाईने. साठ-पासष्ट वर्षांत ती विटून तपकिरी दिसायला लागली होती. डागाच्या रंगाचीच झाली होती.

ट्रेमध्ये कोमट पाणी घेतलं. जाळीवर पान ठेवून अलगद सोडलं. डाग सुटायला लागला, पाणी चहासारखं झालं, मी खूश. पाणी बदलायला गेलो. वळून बघितलं तर ट्रेच्या खालच्या बाजूला पाण्यात निळसर धुरासारखं काहीतरी तरंगत होतं. मला क्षणभर कळलंच नाही ते काय आहे. सुंदर दिसत होतं.

मग कळलं.

पान उचललं. पाच ओळी होत्या. सहावीच्या जागी स्वच्छ, पांढरा, माझ्या हाताने उजळलेला कागद.

पुढचे दोन तास मी काय काय केलं ते सांगतो. टीपकागद उजेडात धरला. ट्रेमधलं पाणी बाटलीत भरून ठेवलं, कशासाठी ते विचारू नका. बाजूच्या किराणावाल्याकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला, तो म्हणाला खोट्या नोटा छापायला लागलास का. दिव्याखाली काही दिसलं नाही. टॉर्च आडवा धरला, निबेचे ओरखडे दिसतील म्हणून. कागद पाण्याने फुगून सपाट झालेला. मग फोन. काम सुरू करण्याआधी मी फोटो काढतो. पुठ्ठ्याचे चार, कडीचे तीन, शिवणीचे सहा. त्या पानाचा एक. आणि त्या एकात पान उडू नये म्हणून मी अंगठ्याने धरलेलं. अंगठा बरोब्बर शेवटच्या ओळीवर. अंगठ्याच्या पलीकडे दोन अक्षरं आणि माझं नख, नखात खळ अडकलेली.

ताईला फोन केला. ती जेवत होती. मी सांगितलं. मग म्हणाली की सतरा नंबरचे काका आज सकाळी शुद्धीवर होते, त्यांनी तिला विचारलं, तुमचा भाऊ हुशार आहे ना? ती हो म्हणाली होती. एवढं सांगून तिने फोन ठेवला.

शनिवारी सकाळी अकराला बाई आल्या. पुस्तक गुंडाळायला स्वच्छ मलमल आणली होती. मी रात्रभर काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. आधी कागदाच्या प्रकाराबद्दल, मग शाईबद्दल. त्या दारात उभ्या राहिल्या आणि मी म्हटलं, "बाई, माझ्याकडून तुमच्या आजोबांची ओळ धुतली गेली."

त्या ओरडल्या नाहीत. स्टुलावर बसल्या. पान मागितलं. ते अजून दमट होतं, मी टीपकागदासकट पुढे ठेवलं. त्यांनी पाच ओळींखाली बघितलं, मग पान उलटं करून मागे बघितलं, जणू ओळ मागच्या बाजूला सरकली असेल. मला तेव्हा वाटलं, एक कानाखाली द्यावी यांनी. नाही दिली.

पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी माझी पेन्सिल घेतली आणि पाठकोऱ्या कागदावर काहीतरी काढायला लागल्या. डावीकडून. मला आधी वाटलं नक्षी काढतायत. ती ओळ होती. बाईंना हिब्रू वाचता येत नाही, एक अक्षरही नाही. पण लहानपणी आई गेल्यावर त्या रोज ते पान उघडून बसायच्या. आईने एकदा वाचून दाखवलेलं, इथे तुझा भाऊ आहे म्हणून. अर्थ तेवढाच ठाऊक. आकार मात्र सगळे पाठ. मध्ये एका ठिकाणी शाई सांडल्याचा डाग होता, त्यांनी तो डागसुद्धा काढला.

कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तू लिही. त्याच जागी."

मी म्हटलं, बाई, हे खोटं होईल.

त्या म्हणाल्या, "खोटं कसं? होतं तेच लिहायचंय. पुसलंस तू, लिही तू."

मी कागद घेतला.

दिवसभर सराव केला. फाउंटन पेन आणलं, निब घासून जरा बोथट केली, शाईत चहाचं पाणी मिसळून रंग उतरवला. फोटोतली दोन अक्षरं मोठी करून आजोबांच्या हाताचा कल बघितला. चाळीसेक वेळा लिहिलं. शेवटचे पाच-सहा माझ्या मते जमले होते. हे सांगायला लाज वाटते, पण मधे मधे मला मजा येत होती.

रविवारी सकाळी आठला दुकान उघडलं. पान वाळलं होतं. आधी पानाच्या अगदी आतल्या कडेला, शिवणीत जाईल अशा ठिकाणी, निबेचा एक ठिपका टेकवला. ठिपक्याला पाय फुटले. कोळ्यासारखी शाई चहूकडे पसरली.

कागदाला मूळची सरसाची खळ असते, तिच्यामुळे शाई पसरत नाही. कोमट पाण्याने ती खळही निघून गेली होती. आता त्या पानावर कुणी काहीही लिहिलं असतं तरी टीपकागदावर लिहिल्यासारखं झालं असतं. पुन्हा सरस द्यायचा तर वाळायला दोन दिवस. हातात दोन तास.

तर मी प्रामाणिकपणामुळे थांबलो असं नाही. जमण्यासारखं नव्हतं म्हणून थांबलो.

मी पुस्तक शिवून टाकलं. एवढं तरी करावं. पान त्याच्या जागी पाच ओळींसकट घट्ट बसलं. साडेनऊला बाई आल्या, हॉस्पिटलातून सरळ, केस विंचरलेले नव्हते. मी मान हलवली, जमलं नाही म्हणून. त्यांना कळलं. भावाच्या श्वासाचा आवाज बदललाय, एवढंच त्या म्हणाल्या.

दहाला घड्याळजी आला. बारीक माणूस, स्वच्छ शर्ट, खिशात डोळ्याला लावायचं भिंग. बसायच्या आधी त्याने पुस्तकाला हात लावून हात ओठाला लावला. मी लगेच सांगून टाकलं. शुक्रवारचं सगळं, शनिवारचं सोडून. अंगठ्याचा फोटो दाखवला. त्याने भिंग लावून फोन बघितला. म्हणाला, ही दोन अक्षरं कुठल्याही नावाचं शेपूट असू शकतात.

मग त्याने पान बघितलं. खूप वेळ. पाचही ओळी हळू आवाजात वाचल्या, वाचताना हसला एका ठिकाणी. कुणी तरी दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की हे पुस्तक उसनं नेऊन परत न करणाऱ्याचे दात पडोत. सहाव्या जागेवर आला. भिंग काढलं. आणि तेवढ्यात त्याची नजर टेबलाखालच्या टोपलीत गेली.

माझे सरावाचे कागद. चाळीस ओळी.

त्याने एक उचलला. दुसरा उचलला. एकेक कागद टेबलावर पत्ते मांडावेत तसा मांडत गेला. चांगले, वाईट, चहाच्या पाण्याने रंगवलेले. शेवटी तो बाईंकडे न बघता म्हणाला, "मला वाटलं होतं, पुस्तक घेऊन आलेलं माणूस खोटं नसेल."

बाई काही बोलायच्या आत मीच बोललो. माझी कल्पना होती म्हणालो. बाई म्हणाल्या, नाही, माझी. घड्याळजी म्हणाला, कुणाची का असेना. मेलेल्या माणसाचं अक्षर तुम्ही दोघांनी मिळून तयार केलंत. आता मुळात तिथे ओळ होती हे तरी मी कशावरून मानू? पान धुतलं ते डाग काढायला की काहीतरी दुसरं काढायला?

मला पहिल्यांदाच तेव्हा पूर्ण कळलं की मी काय करून ठेवलंय. ओळ तर गेलीच होती. आता बाईंचा शब्दही गेला होता, आणि तो त्या शुक्रवारपर्यंत चांगला होता.

तो उठला. दारापर्यंत गेला. माझा फोन वाजला. ताई होती. मी स्पीकरवर घेतला नव्हता, पण ती खोली एवढीशी, सगळ्यांना ऐकू गेलं. काका गेले. पाच मिनिटांपूर्वी.

बाई स्टुलावर बसल्या होत्या त्या तशाच बसून राहिल्या. तोंडावर काही नाही. फक्त हात मांडीवर उलटे पडले, तळवे वर. घड्याळजी दारात थांबला. त्यांच्यात सूर्य मावळायच्या आत पुरतात, एवढं मलाही माहीत होतं. आज नाही तर पालिकेच्या दफनभूमीत, नंबराच्या पाटीखाली.

तो परत आला. एक कोरा कागद बाईंपुढे ठेवला, माझी पेन्सिल दिली. मला म्हणाला, तू भिंतीकडे तोंड कर. मी केलं. शाळेत करायचो तसं. मागे पेन्सिलीचा आवाज येत होता. चालायची, थांबायची, परत चालायची. माझ्यासमोर दोऱ्यांची रिळं होती. पांढरी अकरा.

इकडे फिर म्हणाला तेव्हा ओळ काढून झाली होती. घड्याळजी कागदाकडे नाही, बाईंच्या हाताकडे बघत होता.

"तुम्ही शेवटाकडून सुरुवात केलीत," तो म्हणाला.

बाईंना कळलं नाही. त्यांना डावीकडून लिहायची सवय, डावीकडून काढलं. पण ती भाषा उजवीकडून लिहितात. शिकलेला माणूस, शिकवून ठेवलेला माणूससुद्धा, उजवीकडूनच लिहील. बाईंनी ओळीचं चित्र काढलं होतं. ते काय आहे हे माहीत नसलेल्या माणसासारखं.

त्याने कागद घेतला, वाचला, नावं दगडावरचीच आहेत म्हणाला. त्यांच्यात आकडेही अक्षरांनीच लिहितात, म्हणून ओळीत तारीख होती पण ती तारीख आहे हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्याने बाईंना भावाची जन्मतारीख विचारली, आपली नेहमीची. बाईंनी सांगितली. त्याने फोन लांब धरून ती त्यात टाकली, त्यांच्या पंचांगातली तारीख काढायला. बघितलं. मान हलवली, नाही अशी.

"एका दिवसाचा फरक आहे. ओळीत चौदा आहे. यायला तेरा हवी."

एवढं सगळं होऊन एका दिवसाने.

बाई दाराबाहेर बघत होत्या. आमच्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या की तो झाला त्या दिवशी मला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. जेवायला वाढलं होतं. दिवे लागले होते. मग बाबा आले आणि म्हणाले, आत्ताच भाऊ झाला.

घड्याळजीने विचारलं, "दिवे लागले होते? नक्की?"

"नक्की. मी दिव्याखाली बसले होते, मला झोप येत होती."

तो हळूच खुर्चीवर टेकला. मला कळेना काय झालं. मग त्याने मला सांगितलं, बाईंना नाही. आमच्यात दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्य मावळला की बदलतो. दिवे लागल्यावर झालेलं मूल दुसऱ्या दिवसाचं. म्हणजे चौदा. कुणी आज तारीख शोधून ओळ बनवली असती तर त्याने तेराच लिहिली असती, फोनमध्ये येते ती. चौदा लिहायला तिथे त्या संध्याकाळी असलेला माणूस लागतो.

"हा पुरावा नाही," तो म्हणाला. "वहीत लिहिण्यासारखा नाही. पण मी एवढ्यावर जागा देतो."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि तेव्हा रडल्या. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, रांगेतल्या लोकांची पर्वा नसल्यासारखं.

साडेचारला पुरलं. माणसं कमी होती, खांदा द्यायला मी, ताई ड्युटी बदलून आलेली, दोन कामगार आणि घड्याळजीचा एक मित्र काठी टेकत. आईच्या कबरीला लागून जागा. दगड काळवंडलेला, कडेला तडा. माती लोटायला फावडं सगळ्यांच्या हातात आळीपाळीने आलं. माझ्या हातात आलं तेव्हा मी बाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, खड्ड्याकडे बघत होत्या. मी टाकली माती.

त्यांच्यातल्या दुखवट्याचे सात दिवस त्या घरात बसल्या. आठव्या दिवशी दोघं दुकानात आले. घड्याळजीने सांगितलं, त्या पानापुढे एक नवं पान शिव. त्यावर लिही की इथे सहावी ओळ होती, काय होती, कशी गेली. आपल्या भाषेत लिही, म्हणजे तुला कळेल. बाई सही करतील, मी करीन. कारण उद्या बाईंची वेळ येईल तेव्हा किल्ली कुणाकडे असेल मला माहीत नाही. तो माणूस काहीतरी विचारेलच.

चांगला कागद निवडला, सरस दिलेला. शाई न जाणारी. लिहिलं. इथे या पुस्तकाच्या सहाव्या मालकाने आपल्या नातवाच्या जन्माची ओळ लिहिली होती. तिची नक्कल खाली, त्याच्या नातीच्या आठवणीतून. हे पान पुस्तक बांधणाऱ्याकडून चुकून धुतलं गेलं. तारीख, माझं नाव.

बाईंनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग म्हणाल्या, "चुकून काढ. आणि धुतलं गेलं नाही. तू धुतलंस."

मी पान कापून काढलं, दुसरं घेतलं, परत लिहिलं. शिवायला दिलं होतं, मी धुतलं. त्याखाली बाईंनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली, की तो आता आईशेजारी आहे. सह्या झाल्या. पान शिवायला मला अर्धा तास लागला, दोघंही बसून राहिले.

जाताना बाईंनी पुस्तक मलमलीत गुंडाळलं. कितीही वेळ गेला तरी त्या मला माफ करणार नाहीत असं मला वाटलं, अजून वाटतं. आजोबांचं अक्षर आता फक्त दफनभूमीच्या वहीत आहे, आणि तिथे नातवाचं नाव नाही.

त्या दारात थांबल्या. "माझं झालं की ताई तुला कळवेल," म्हणाल्या. "तेव्हा तू यायचंस. जो कोणी असेल त्याच्यापुढे हे पान उघडायचं आणि काय केलंस ते तोंडाने सांगायचं. नुसतं वाचून लोक विश्वास ठेवत नाहीत."

मी हो म्हटलं. त्यांनी परत विचारलं, येशील ना. मी परत हो म्हटलं.